छावणीतला संसार

शिरूरला घोड नदी ओलांडली की पुणे जिल्हा संपतो आणि पारनेर-श्रीगोंद्याचा मुलूख लागतो. दौंडला भीमा ओलांडली तरी समोर श्रीगोंदाच. जुन्या कागदांत या गावाला चांभारगोंदे म्हणत. तिथे शिंद्यांचे घर होते, आणि पारनेर तालुक्यातल्या जामगावातही महादजी शिंद्यांचा वाडा होता. दिल्लीच्या बादशहाला आपल्या छत्राखाली ठेवणाऱ्या शिंद्यांचा दक्षिणेतला पाय असा या दोन नद्यांच्या काठी रोवलेला होता. पुण्याहून नगरकडे, तिथून गोदावरी उतरून खानदेश-माळव्यात जाणाऱ्या फौजा शिरूरच्याच वाटेने जात. फौजेबरोबर कबिला असे, आणि कबिल्यात सरदारांच्या बायका, लेकरे, दाया, कुळंबिणी. शेकडो कोस चाललेल्या या बायकांविषयी आपल्याकडे फार थोडे लिहिले गेले आहे. पोवाडे लढाईवर थांबतात आणि बखरी तहावर. राहुटीच्या आत काय चालले होते, हे कोणी नोंदवत नाही.

त्यांतल्या एका बाईचे आयुष्य मात्र आरंभापासून शेवटापर्यंत मांडता येते. बायजाबाई शिंदे. जन्म १७८४, कोल्हापूरजवळ कागलला. मृत्यू १८६३, ग्वाल्हेरला. पेशवाई भरात असताना त्या जन्मल्या आणि राणी व्हिक्टोरियाचा अंमल देशावर बसल्यानंतर गेल्या. मधल्या एकोणऐंशी वर्षांत त्यांनी पुणे, उज्जैन, ग्वाल्हेर, आग्रा, फत्तेगड, अलाहाबाद, काशी, नाशिक एवढी गावे पाहिली, आणि त्यांतल्या बहुतेक ठिकाणी त्या यात्रेकरू म्हणून गेल्या नव्हत्या. कधी नवऱ्याच्या फौजेमागे, कधी स्वतःच्या फौजेने हाकलल्यावर, कधी कंपनी सरकारच्या हुकमाने त्यांना मुक्काम हलवावा लागला.

या सगळ्याची सुरुवात एका लग्नाने झाली, आणि ते लग्न म्हणजे उघड राजकीय सौदा होता. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी महादजी शिंदे पुण्याजवळ वानवडीला वारले. त्यांना मुलगा नव्हता. गादीवर आले त्यांच्या भावाचे नातू दौलतराव, वय जेमतेम पंधरा. हिंदुस्थानातली सर्वांत कवायती फौज अशा पोराच्या हाती पडली. पुण्यात नाना फडणवीस आणि दुसरा बाजीराव यांची एकमेकांवर मात करण्याची खेळी चालू होती आणि दोघांनाही शिंद्यांच्या पलटणी हव्या होत्या. कागलचे सखाराम घाटगे, किताबाने सर्जेराव, या गर्दीत शिरले. त्यांची मुलगी देखणी होती, दौलतरावांचे मन तिच्यावर बसले होते, आणि सर्जेरावांनी त्याची किंमत लावली: दिवाणगिरी. १७९७ च्या शेवटच्या दिवशी नाना फडणवीस दगाबाजीने कैद झाले आणि पुढे नगरच्या किल्ल्यात गेले. १७९८ च्या फेब्रुवारीत पुण्यात थाटामाटाने लग्न झाले. नवरी चौदा वर्षांची होती.

लग्नाचा आणि फौजेच्या थकलेल्या पगाराचा पैसा कुठून आणायचा, तर पुणेकरांकडून. सर्जेरावांनी सावकार, कारकून, नानांच्या पक्षातले प्रतिष्ठित लोक धरून आणले आणि मारहाण करून, तापलेल्या तोफांना बांधून पैसे वसूल केले. काही जण त्यातच मेले. पुण्याने सर्जेरावांना कधी क्षमा केली नाही, आणि त्या रागाचा वाटा मुलीच्याही पदरात पडला. माझ्या मते हा अन्याय आहे. तिला कोणी विचारून तिचे लग्न लावले नव्हते. पण हेही खरे की पुढे सत्ता कशी मिळते आणि पैशाशिवाय फौज कशी उलटते, याचे पहिले धडे तिने याच वर्षात, आपल्याच बापाकडून घेतले.

त्याच वर्षी शिंद्यांच्या घरात आणखी एक कलह पेटला. महादजींच्या विधवांची पोटगी आणि मान दोन्ही दौलतरावांनी राखले नाहीत. त्या बोलल्या, तेव्हा सर्जेरावांनी त्यांच्यावर हात टाकायला कमी केले नाही. मग त्यांना दूर ठेवायचे म्हणून पुण्याहून नगरच्या दिशेने रवाना केले. वाटेत मुजफ्फरखान नावाच्या सरदाराने पहाऱ्यावर छापा घालून त्यांना सोडवले आणि बाजीरावांचे दत्तक भाऊ अमृतराव यांच्या छावणीत नेऊन पोचवले. शेणवी सरदार त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि शिंद्यांच्या फौजेत उभी फूट पडली. नव्या नवरीने घरातल्या या विधवांचे हाल समोर पाहिले असणार. नवरा गेल्यावर सरदाराच्या बायकोच्या हातात खजिना आणि माणसे नसतील तर तिचे काय होते, हे यापेक्षा स्पष्ट कोणी सांगू शकले नसते. तीस वर्षांनी स्वतः विधवा झाल्यावर बायजाबाई जे वागल्या, त्याचे मूळ मला इथे दिसते.

१८०० च्या अखेरीस दौलतराव उत्तरेकडे निघाले, कारण माळव्यात यशवंतराव होळकरांनी मुलूख जाळत आणला होता. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी होळकरांनी हडपसरला शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा धुव्वा उडवला. बाजीराव वसईला पळाले आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी इंग्रजांशी तह करून बसले. शिंद्यांना हा तह मान्य नव्हता. १८०३ च्या उन्हाळ्याच्या शेवटी आर्थर वेलस्लीची फौज पुण्याहून निघून याच नगरच्या वाटेला लागली. १२ ऑगस्टला नगरचा किल्ला पडला, २३ सप्टेंबरला असईला लढाई झाली, नोव्हेंबरात अडगाव, डिसेंबरात गाविलगड, आणि ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावचा तह. पाच महिन्यांत शिंद्यांनी नगर, भडोच, दिल्ली, आग्रा आणि गंगा-यमुनेमधला दुआब गमावला.

असईच्या रणात बायजाबाई स्वतः लढल्या, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले सापडते. मी ते जसेच्या तसे घेणार नाही. त्या दिवशी मैदानावरच्या पायदळाची सूत्रे पोलमन या जर्मन सरदाराकडे होती आणि खुद्द दौलतरावही शेवटपर्यंत तिथे नव्हते. मात्र त्या उत्तम घोडेस्वार होत्या, भाला-तलवारीत तयार होत्या आणि मोहिमेत नवऱ्याबरोबर होत्या, यात शंका घ्यायचे कारण नाही. कडेला तान्हे मूल घेऊन, हातात भाला धरून त्या फौजेसमोर घोड्यावर बसल्याची गोष्ट म्हातारपणीही त्यांच्याभोवतीचे लोक सांगत असत. पलटणी कापल्या जात असताना कबिला कुठे हलवायचा, नदीला उतार आहे की नाही, उंट कमी पडले तर मागे काय टाकायचे, हे निर्णय घेणाऱ्या बाईचे धैर्य आख्यायिकेतल्या तलवारीपेक्षा कमी नसते.

असईला वेलस्लीच्या हाताखाली ज्याने एका ब्रिगेडचे नेतृत्व केले, तो कर्नल विल्यम वॉलेस पुढे शिरूरला आला. युद्ध संपल्यावर कंपनीच्या तैनाती फौजेने घोडकाठी छावणी वसवली होती. १८०९ मध्ये तो तिथेच वारला आणि त्याचे थडगे शिरूरला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे की आसपासचे शेतकरी त्याला सत्पुरुष मानत आणि नव्या धान्याचा नैवेद्य त्याच्या थडग्याला दाखवत. त्याच १८०९ साली उत्तरेत, दौलतरावांच्या छावणीत, सर्जेराव घाटगे दंगलीत मारले गेले. शिंद्यांविरुद्ध लढलेला परका सरदार घोडकाठच्या लोकांनी देव्हाऱ्यात बसवला, आणि शिंद्यांचा सासरा मेल्याचे पुण्यात कोणाला दुःख झाले नाही. लोक सत्तेला कोणत्या मापाने मोजतात, ते या दोन मरणांवरून कळते.

पण सर्जेराव जायच्या आधीच त्यांच्या मुलीने आपली जागा वेगळी केली होती. नोव्हेंबर १८०५ च्या तहात इंग्रजांनी शिंद्यांना ग्वाल्हेर परत दिले आणि दोन विलक्षण कलमे घातली. एकात सर्जेराव घाटग्यांना दरबाराच्या सल्लामसलतीत पुन्हा घेऊ नये असे होते. दुसऱ्यात बायजाबाईंना सालीना दोन लाखांची आणि त्यांची मुलगी चिमणाबाई हिला एक लाखाची जहागीर कंपनीच्या मुलखातून नेमून दिली होती. बापाला दार बंद, मुलीला जहागीर, आणि तेही एकाच कागदावर! वयाच्या एकविसाव्या वर्षी या बाईचे नाव आंतरराज्य तहात आले. इंग्रजांनी ती मेहेरबानी म्हणून दिली नव्हती. दौलतरावांच्या तंबूत शेवटचा शब्द कोणाचा, हे त्यांच्या वकिलाने नीट हेरले होते.

या तंबूतला संसार कसा होता, त्याचे चित्र टॉमस ब्राउटन या इंग्रज अधिकाऱ्याने १८०९ मध्ये छावणीबरोबर हिंडताना लिहिलेल्या पत्रांत आहे. ती पत्रे १८१३ मध्ये लंडनला पुस्तकरूपाने निघाली. त्याच्या नजरेत परकेपणाचा तुसडेपणा भरपूर आहे, तरी डोळा चांगला आहे. दौलतरावांची छावणी म्हणजे चालते शहर होते. बाजाराच्या सरळ पेठा, सराफ, हलवाई, धान्याची दुकाने, सावकारांच्या पेढ्या, देवळांचे तंबू, सगळे बैलांवर लादले जायचे आणि पुढच्या मुक्कामाला पुन्हा त्याच क्रमाने मांडले जायचे. पगार थकला की शिपाई सरदाराच्या दारात धरणे धरून बसायचे. सण सगळे व्हायचे, होळीसुद्धा. बायजाबाईंचा दौलतरावांवर केवढा वचक होता, हे ब्राउटन पुन्हा पुन्हा सांगतो.

१८१० मध्ये ही छावणी ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी उतरली ती पुन्हा उठलीच नाही. तंबूंच्या जागी दगडी घरे आली आणि गावाला नाव पडले लश्कर. आज ग्वाल्हेर शहराचा तो मुख्य भाग आहे. सातारा, कोल्हापूर, नगर, पुणे भागांतून गेलेली मराठी घराणी तिथे स्थिरावली, त्यांच्या घरांत अजून मराठी बोलली जाते. दौंडहून मनमाडकडे जाणारा लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला आणि शतकानुशतके घोड्या-बैलांनी तुडवलेली दक्षिणोत्तर वाट रुळांवर आली. पुण्याहून जम्मूला निघणारी झेलम एक्सप्रेस आजही दौंडवरून नगरकडे वळते. सैन्यातल्या माणसांच्या बायका लेकरांना घेऊन, ट्रंका सांभाळत, नवऱ्याच्या नव्या पोस्टिंगवर तिनेच जातात. दोन-तीन वर्षांनी घर उचलायचे, शाळा बदलायच्या, नव्या क्वार्टरमध्ये पुन्हा देवघर मांडायचे, हे त्यांना बायजाबाईंइतकेच ठाऊक आहे.

बायजाबाईंच्या राजकारणातली पहिली मोठी हार १८१७ ची. पेंढाऱ्यांचा बंदोबस्त करण्याच्या निमित्ताने गव्हर्नर-जनरल हेस्टिंग्ज मोठी फौज घेऊन ग्वाल्हेरच्या सीमेवर आला आणि दौलतरावांना तह करायला लावला. त्या तहाची तारीख ५ नोव्हेंबर १८१७. नेमक्या त्याच दिवशी पुण्याला खडकीच्या माळावर पेशव्यांची इंग्रजांशी लढाई जुंपली. म्हणजे बाजीरावांनी ज्या शिंद्यांच्या भरवशावर तलवार उपसली, त्या शिंद्यांनी त्याच दिवशी सही करून हात बांधून घेतले. बायजाबाई पेशव्यांना मदत करण्याच्या मताच्या होत्या. नवऱ्याला त्यांनी भित्रा म्हटले आणि काही काळ त्या त्याच्यापासून दूर राहिल्या, असे सांगतात. अजमेर इंग्रजांना देण्यालाही त्यांचा कडवा विरोध होता.

त्यांचे ऐकले असते तर काय झाले असते, याचा अंदाज बांधण्यात अर्थ नाही. जे झाले ते घोड-भीमेच्या काठी घडले. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टन शिरूरच्या छावणीतून मुंबईच्या देशी पायदळाची एक पलटण, थोडे घोडदळ आणि दोन तोफा घेऊन पुण्याच्या मदतीला निघाला. १ जानेवारी १८१८ ला सकाळी कोरेगावला, भीमेच्या पलीकडे, त्याला पेशव्यांची फौज दिसली. दिवसभर गावाच्या गल्लीबोळांत लढाई झाली. त्या पलटणीत महार शिपाई मोठ्या संख्येने होते आणि तिथल्या जयस्तंभावर त्यांची नावे कोरलेली आहेत. रात्री पेशव्यांची फौज निघून गेली आणि स्टॉन्टन शिरूरला परतला. जूनमध्ये बाजीराव शरण गेले आणि गंगाकाठी बिठूरला रवाना झाले. शिंद्यांचे राज्य वाचले, पण वाचले ते कंपनीच्या मर्जीने.

दौलतराव २१ मार्च १८२७ रोजी वारले. मुलगा आधीच गेला होता. महादजींच्या विधवांची आठवण असलेल्या बाईने या वेळी कोणाला संधी दिली नाही. शिंदे कुळातला अकरा वर्षांचा मुलगा, मुगुटराव, दत्तक घेऊन जनकोजीराव म्हणून गादीवर बसवला आणि कारभार स्वतःच्या हाती ठेवला. सहा वर्षे त्यांनी ग्वाल्हेर चालवले. हिशेब त्यांना उत्तम कळत. त्यांची स्वतःची सावकारी होती, उज्जैन-काशीपर्यंत हुंड्या चालत. कंपनी सरकारनेही त्यांच्याकडून मोठे कर्ज घेतले. काशीत १८२८ मध्ये त्यांनी ज्ञानवापीच्या विहिरीवर दगडी खांबांचा मंडप उभारला. सुमारे १८३० मध्ये बांधलेला शिंदे घाट तर एवढा भारी झाला की काठ खचून तो नदीत बसला. पुढे तो पुन्हा बांधावा लागला. परक्या मुलखात देवळे-घाट बांधणे हा धर्म होताच, शिवाय ती सत्तेची द्वाहीही होती. अहल्याबाई होळकरांनी जी वाट घातली, तीच यांनी धरली.

इथे त्यांची चूकही सांगितली पाहिजे. दत्तक मुलाला त्यांनी कारभारात कधी भागीदार केले नाही. जनकोजी सोळा-सतरा वर्षांचा झाला तरी तो नावाचा राजा राहिला. तो इंग्रज रेसिडेंटकडे तक्रारी घेऊन जाऊ लागला. डिसेंबर १८३२ मध्ये गव्हर्नर-जनरल बेंटिंक ग्वाल्हेरला आला, दोघांचे ऐकून घेतले आणि कोणताही निर्णय न देता निघून गेला. कंपनीला हे भांडण मिटवायचे नव्हते, नुसते पाहायचे होते. जुलै १८३३ मध्ये पलटणी जनकोजीच्या बाजूने उठल्या. ज्या फौजेच्या पगाराची काळजी त्यांनी आयुष्यभर वाहिली, तिनेच त्यांना शहराबाहेर काढले. धोलपूरमार्गे त्या आग्र्याला आल्या. वय एकोणपन्नास.

पुढची काही वर्षे तंबूंतली होती. आग्रा, मग फत्तेगड, मग अलाहाबाद. कंपनीचा आग्रह होता की बाईंनी मोठी नेमणूक घेऊन दक्षिणेत जावे, म्हणजे ग्वाल्हेरपासून जितके दूर तितके बरे. बाई हलत नव्हत्या. दरबार तंबूतच भरत होता, परत जाण्याची आशा सुटली नव्हती.

फत्तेगडला १८३५ च्या एप्रिलमध्ये त्यांना फॅनी पार्क्स भेटली. ती अलाहाबादच्या एका इंग्रज मुलकी अधिकाऱ्याची बायको, हिंदुस्थानी बोलणारी, सतार वाजवणारी, भटकी. तिचे प्रवासवर्णन १८५० मध्ये लंडनला छापले गेले, आणि त्यातली बायजाबाईंची पाने मला मराठी इतिहासातल्या स्त्रीचित्रणात फार मोलाची वाटतात, कारण दुभाष्यावाचून, पडद्याच्या आत बसून ती लिहिली आहेत. फॅनीला दिसली पिकल्या केसांची, छोट्या हातापायांची, गोड हसणारी बाई. अंगावर साधे रेशमी वस्त्र, विधवा म्हणून दागिने जवळजवळ नाहीत. शेजारी नात, गजराजासाहेब, टपोऱ्या काळ्या डोळ्यांची, आजीसारखीच घोड्यावर बसणारी. भोवती हत्यारबंद बायकांचा पहारा.

गप्पा घोड्यांवरून निघाल्या. इंग्रज बायका एका अंगाला दोन्ही पाय टाकून बसतात हे ऐकून मराठा बायकांना मोठी मौज वाटली. फॅनीने आपला घोडा आणून त्यांना बसून दाखवले. त्यांना ते वाकडेतिकडे आणि धोक्याचे वाटले. मग त्यांनी फॅनीला मराठी पद्धतीने कासोटा घालून नेसवले आणि पुरुषासारखे घोड्यावर बसवले. तिला ते इतके भावले की बायकांची बसण्याची रीत बदलणाऱ्या राणी एलिझाबेथच्या मूर्खपणाबद्दल तिने आपल्या पुस्तकात नाराजी लिहून ठेवली.

दुसऱ्या एका भेटीत बोलणे विधवांच्या हालांवर गेले. हिंदू विधवेने काय काय सोसायचे ते बायजाबाईंनी सांगितले. फॅनीने उलट सांगितले की इंग्लंडात लग्न झालेली बाई कायद्याने नवऱ्याची दासीच असते, तिचा पैसा तिचा राहत नाही आणि दाद मागायची सोय नाही. काळ १८३५-३६ चा आहे. सती बंद होऊन सहा-सात वर्षे झाली होती. जोतीराव फुले तेव्हा आठ-नऊ वर्षांचे होते. पदच्युत मराठा राणी आणि कंपनीच्या नोकराची बायको तंबूत बसून दोन देशांतल्या बायकांच्या कायद्याची तुलना करत होत्या. आपल्या स्त्रीशिक्षणाच्या आणि स्त्रीहक्काच्या इतिहासात या बैठकीला एक ओळ तरी मिळायला हवी होती.

शेवटी बायजाबाई दक्षिणेत आल्या, गोदेकाठी नाशिकला राहिल्या. पंढरपूरला भीमेच्या काठी द्वारकाधीशाचे देऊळ त्यांच्या नावावर आहे. दौंडवरून वाहत गेलेले पाणीच तिथे चंद्रभागा होते. ७ फेब्रुवारी १८४३ रोजी जनकोजी निपुत्रिक वारले. त्यांच्या अल्पवयीन विधवेने, ताराबाईंनी, भगीरथराव नावाचा मुलगा दत्तक घेतला आणि तो जयाजीराव झाला. वर्ष संपायच्या आत दरबारातल्या गोंधळाचा फायदा घेऊन इंग्रजांनी महाराजपूर आणि पन्यार इथे, २९ डिसेंबरच्या एकाच दिवशी, ग्वाल्हेरच्या फौजेचा मोड केला. ज्याच्यामुळे बाईंना घर सुटले तो मुलगा गेला, आणि नव्या राजाच्या नात्याने त्या आजी झाल्या. आता त्यांची भीती कोणाला उरली नव्हती. त्या उज्जैनला आल्या, जिथले गोपाळमंदिर त्यांनी बांधले, आणि १८५७ च्या आधी ग्वाल्हेरला परतल्या.

१८५७ च्या वसंतात कोकणात एक बातमी पोचली: बायजाबाई शिंदे मथुरेला सर्वतोमुख यज्ञ करणार, लाखो रुपये खर्च होणार, ब्राह्मणांना भरघोस दक्षिणा मिळणार. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे कर्जात बुडालेले होते. ते चुलत्याला घेऊन निघाले. महूला पोचतात तो बंडाची कुजबूज कानी आली, आणि यज्ञासाठी निघालेले भटजी पुढे झाशीच्या वेढ्यात सापडले. ‘माझा प्रवास’ हे त्यांचे पुस्तक १९०७ मध्ये चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केले. सत्तावनच्या धुमाळीचे मराठी माणसाने डोळ्यांनी पाहून लिहिलेले एवढे जिवंत वर्णन दुसरे नाही. ते आपल्या हाती आले ते त्र्याहत्तर वर्षांच्या आजीने यज्ञाचा संकल्प सोडला म्हणून.

मग आला १८५८ चा जून. तात्या टोपे, झाशीची राणी आणि नानासाहेबांचे पुतणे रावसाहेब ग्वाल्हेरवर चालून आले. १ जूनला जयाजीरावांची फौज त्यांना जाऊन मिळाली आणि राजा आग्र्याकडे पळाला. बायजाबाईंनी राजवाड्यातल्या बायकांना घेऊन नरवर गाठले. रावसाहेबांनी त्यांना पत्र पाठवून परत येण्याची आणि राज्य हाती घेण्याची विनंती केली. एक्केचाळीस वर्षांपूर्वी जिने पेशव्यांसाठी नवऱ्याशी भांडण केले, तिच्या दारात पेशव्यांचा वारस हात जोडून उभा होता. त्या आल्या नाहीत. पत्र त्यांनी इंग्रजांकडे पाठवून दिले. राणी लक्ष्मीबाई त्याच महिन्यात ग्वाल्हेरजवळ कोटा की सरायला पडल्या.

या निर्णयावरून बायजाबाईंना फितूर म्हणणे सोपे आहे. मला ते पटत नाही. १८१७ ला शिंद्यांकडे मोडायला राज्य होते, तोफा होत्या. १८५८ मध्ये त्यांच्यासमोर होता पळालेला नातू, उघडा पडलेला वाडा, आणि दोनदा आपल्या मालकावर उलटलेली फौज. शिपायांच्या शब्दावर गादी किती दिवस टिकते, हे १८३३ ने त्यांना शिकवले होते. त्यांनी घर निवडले. लक्ष्मीबाईंनी जे केले ते तेजस्वी होते, आणि त्यांच्यापाशी घर उरलेच नव्हते; डलहौसीने दत्तक नामंजूर करून झाशी आधीच खालसा केली होती. दोघी मराठी विधवा, दोघींच्या मांडीवर दत्तक मुलगा, आणि एकीचा दत्तक कंपनीने मानला, दुसरीचा नाही. ग्वाल्हेर आणि झाशी यांच्या वाटा त्या एका सहीने वेगळ्या झाल्या होत्या.

बंड मोडल्यावर जयाजीरावांना राज्य परत मिळाले, मुलूख वाढवून मिळाला, आणि १८६२ मध्ये संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा देण्यात आल्या. ज्या प्रश्नावर १८२७ मध्ये बायजाबाईंनी आपली सत्ता पणाला लावली होती, तो कायद्याने सुटला. पुढच्याच वर्षी, १८६३ मध्ये, त्या ग्वाल्हेरला वारल्या. किल्ला मात्र इंग्रजांनी १८८६ पर्यंत स्वतःकडे ठेवला. बाईंनी राखलेली पुंजी, उभ्या केलेल्या पेढ्या आणि वाचवलेली गादी यांच्या बळावर ग्वाल्हेर पुढची पंचाऐंशी वर्षे संस्थान म्हणून टिकले. पुण्यात त्या सर्जेरावांची मुलगी म्हणूनच आठवल्या जातात. उज्जैनला गोपाळमंदिरात आणि काशीला ज्ञानवापीच्या मंडपाशी त्यांचे नाव वेगळ्या आदराने घेतले जाते, आणि श्रीगोंदा, जामगाव, शिरूर, दौंड या त्यांच्या सासरच्या मुलखात तर फारसे कोणी घेतही नाही. इथल्या शाळांत कोरेगाव आणि खडकी शिकवताना त्याच ५ नोव्हेंबरला ग्वाल्हेरच्या तंबूत कोण कोणाशी काय म्हणून भांडत होते, तेही मुलांना सांगायला हवे.